पाठ रानाकडं, तोंड माझ्याकडं

मे महिन्यात पुण्याहून भाची आली की आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात दुपारची झोप विसरायची. सात वर्षांची आहे. उन्हात सोडता येत नाही आणि घरात ठेवावी तर तासाभरात घराचं मैदान होतं. यंदा मी एक युक्ती केली. आई "मी पडतो जरा" म्हणून आतल्या खोलीत पंख्याखाली गेली (कोल्हापुरात बायकासुद्धा 'जातो-येतो' म्हणतात, हे भाचीला अजून पचलेलं नाही), मी खिडकीवर ओली चादर टाकली आणि आम्ही दोघी लॅपटॉप पुढ्यात घेऊन फरशीवर पालथ्या पडलो. 'मरोज्को' लावला. १९६४ सालचा सोव्हिएत परीकथेचा सिनेमा, अलेक्सांद्र रोऊ या दिग्दर्शकाचा. सावत्र आईच्या जाचातली गुणी पोर, तिची ऐतखाऊ सावत्र बहीण, फुशारक्या मारणारा एक तरणाबांड गडी, रानातली चेटकीण आणि थंडीचा म्हातारा राजा. आपल्याकडच्या कुठल्याही आज्जीला यातली निम्मी गोष्ट न बघताच सांगता येईल.

भाषा रशियन, खाली इंग्रजी अक्षरं. ती पळती अक्षरं भाचीला अजून वाचता येत नाहीत, म्हणून मी दुभाष्याचं काम अंगावर घेतलं. "आता आई म्हणतेय, कोंबडा आरवायच्या आत विणून झालं पाहिजे..." "आता तो म्हणतोय, माझ्यासारखा देखणा कुणी नाही..." दहा मिनिटं तिनं मला सोसलं. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आत्या, तू नको ना बोलूस. मला कळतंय."

खरंच कळत होतं. सावत्र बहीण गालाला लाल रंग फासून, भुवया काळ्याकुट्ट रंगवून नवरा मुलगा बघायला बसली तेव्हा भाची खुदखुदली. पुढं ती आळशी पोर गुणी बहिणीसारखंच घबाड मिळावं म्हणून रानात झाडाखाली जाऊन बसते, दातांनी अक्रोड फोडते, फळं कराकरा चावते, तोंडातून रस गळतोय, नाक ओढणं चाललंय. भाची उठून बसली. ही भूमिका इन्ना चुरिकोवाची. ती पुढं रशियातली मोठी अभिनेत्री झाली. चित्रीकरणाला सफरचंदं नव्हती म्हणून त्या दृश्यात आपण कांदे चावले, असं तिनं नंतर सांगितलं आहे. सफरचंदाच्या जागी कच्चा कांदा, तोही आवडीनं खातोय असं दाखवत. आपल्याकडं मिसळीबरोबर कांदा लागतो हे ठीक, पण हे जरा जास्तच झालं. शेवटी खजिन्याच्या ऐवजी तिची बोळवण होते डुकरं जुंपलेल्या घसरगाडीतून. डुकरं बघितल्यावर भाचीला इतकं हसू आलं की आतून आईचा आवाज आला, "काय झालं गं? पडलीस का?"

पण खरी मजा त्या झोपडीची. रानात चेटकिणीची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते. रशियन लोककथांत तिला एका ठरलेल्या वाक्यानं हुकूम सोडायचा असतो: झोपडी गं झोपडी, पाठ रानाकडं कर, तोंड माझ्याकडं कर. नायक तसं म्हणतो. झोपडी करकरत, कुरकुरत, पाय आपटत वळते. आतली चेटकीण चिडते, बाहेर येऊन उलटा हुकूम देते. झोपडी परत फिरते. हा म्हणतो इकडं, ती म्हणते तिकडं, आणि मधल्या मध्ये बिचारी झोपडी गरगर. दोन माणसांच्या भांडणात घराची फरफट. भाचीनं तो भाग आठ वेळा मागं नेऊन बघितला. सहाव्या वेळेपासून झोपडी वळायच्या आधीच ती हसायला लागायची.

मी मात्र पहिल्या दोन वेळा अस्वस्थ होते. माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, आणि तो मी कॉलेजात असताना कमावलेला आहे: ओव्हरॲक्टिंग.

कॉलेजात आमचा सात-आठ जणांचा कंपू होता. शनिवारी कुणाच्या तरी खोलीवर टीव्ही आणि भाड्याचा प्लेअर आणून जगभरचे सिनेमे बघायचे आणि रात्री रंकाळ्यावर बसून त्यांची चिरफाड करायची. त्या चिरफाडीतून एक पक्कं झालं होतं. चांगला नट म्हणजे जो काही करत नाही तो. डोळ्याची पापणी हलली तरी खूप झालं. हातवारे म्हणजे गावठी, ओरडणं म्हणजे नाटकी, आणि कुणी केळीच्या सालीवरून घसरलं तर तो सिनेमा आमच्या यादीतून कायमचा बाद. माझ्या आधीच्या पिढीतली माणसं सोंगाड्याच्या नुसत्या चालीवर लोटपोट व्हायची, ते मला कळायचं नाही. कळत नाही हे कबूल करायचं धाडस नव्हतं, म्हणून 'सवंग' म्हणून मोकळी व्हायचे. सोपा शब्द आहे. वीस-एक वर्षं वापरला.

पुढं भरताचं नाट्यशास्त्र थोडंफार वाचलं. हसण्याचे सहा प्रकार त्यात मांडले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. अतिहसित म्हणजे डोळ्यांत पाणी, सुटलेला आवाज, दोन्ही हातांनी कुशी धरलेल्या. वाचताना मी स्वतःला कुठं बसवलं असेल ते सांगायला नको. त्या दुपारी फरशीवर शेजारी कुशी धरून लोळणाऱ्या सात वर्षांच्या अधम प्रकृतीकडं बघताना मात्र मला दुसरंच काही आठवत होतं.

१९९४ साली मी सहावीत होते. कोल्हापूरच्या गणेशोत्सवात सजीव देखाव्यांचं वेड किती, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. राजारामपुरीकडं यांत्रिक देखावे आणि रोषणाई, आणि आमच्या जुन्या पेठांत हाडामांसाची माणसं. गौरी गेल्या की देखावे खुले व्हायचे आणि मग अनंत चतुर्दशीपर्यंत अख्खं शहर रात्रभर पायी फिरायचं. बहुतेक मंडळं अफजलखानाचा वध किंवा हुंडाबळी करायची. आमच्या तालमीच्या पोरांनी त्या वर्षी टूम काढली, बारक्या पोरांसाठी काहीतरी करूया. राजकन्या, राक्षस, राक्षसाचे दोन बुटके चाकर आणि एक शेतकऱ्याचा पोरगा. बारा मिनिटांचा खेळ, रात्रीत नऊ-दहा वेळा. बुटक्यांतली एक मी. राजकन्या व्हायची माझी फार इच्छा होती, पण ती तालमीच्या अध्यक्षांच्या पुतणीला मिळाली. अजून राग आहे.

राक्षस झाले थोरले काका. माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. तरुणपणी त्यांनी कुस्त्या केलेल्या, खासबागेत लढलेले. तोवर पोट सुटलं होतं, पण खांदे तसेच होते.

सजीव देखाव्यात बोलायचं नसतं. आवाज आधीच कॅसेटवर भरलेला. तालमीच्या माडीवर खिडक्यांना घोंगड्या लावून, पंखा बंद करून, घामाच्या धारांत ते ध्वनिमुद्रण झालं होतं. राक्षसाचा आवाज एका हायस्कूलच्या मराठीच्या सरांचा. विजेसाठी पत्रा हलवला, घोड्यासाठी नारळाच्या करवंट्या. म्हणजे आवाज सरांचा आणि देह काकांचा. कॅसेट चालू झाली की ती कुणासाठी थांबत नाही. आपण तिच्या मागं धावायचं.

पहिल्या तालमीला आम्ही सगळे शाळेच्या गॅदरिंगसारखं गोड गोड करत होतो. काकांनी सगळ्यांना स्टेजवरून खाली आणलं, रस्ता ओलांडून पलीकडच्या पानपट्टीपाशी उभं केलं आणि एकट्या राजकन्येला वर पाठवून म्हणाले, "आता रड." ती रडली. आम्हाला काही दिसलं नाही. नुसता झगा दिसत होता. "पुढच्याला सगळंच दिसतंय," काका म्हणाले. "ह्यो पानपट्टीपाशी पोराला खांद्यावर घिऊन जो हुबा हाय, त्याच्यासाठी रडायचं." मग त्यांनी स्वतः वर जाऊन रडून दाखवलं. आधी छाती वर आली, मग खांदे, मग दोन्ही हात हळूहळू तोंडाकडं गेले, मग सगळा देह एकदम खाली बसला, पोतं टाकल्यासारखा. साठ फुटांवरून, पानपट्टीवाल्याच्या रेडिओच्या गोंगाटात, एवढा मोठा माणूस रडतोय हे मला लख्ख दिसलं. मोठं होतं, पण ढिलं नव्हतं. एक हालचाल संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नव्हती. कॉलेजात जाऊन मी हे कसं विसरले, देव जाणे.

आता मारामारीची अडचण. गोष्टीत दोघे बुटके चाकर कंटाळून शेवटी राक्षसालाच बडवतात. कॅसेटवर फटक्यांचे आवाज होते, पण आमचे हात आणि ते आवाज एकदाही जुळेनात. आधी फटका, मग आवाज, नाहीतर आवाज झाल्यावर फटका. माणसं भलतीकडंच हसायची. तालमीतल्या सुतारकाम करणाऱ्या एका पोराला चिपळ्या आठवल्या. त्यानं हातभर लांबीच्या दोन पातळ फळ्या घेतल्या, एका टोकाला मूठ करून तिथंच त्या जोडल्या, दुसरं टोक किंचित फाकलेलं ठेवलं. हलक्या हातानं कुठंही टेकवली की फट्टकन असा आवाज यायचा की गल्लीतली कुत्री उठायची. लागायचं मात्र काही नाही.

कितीतरी वर्षांनी वाचलं की सोळाव्या शतकातल्या इटलीतले फिरते विनोदी नट हीच वस्तू वापरत. दोन पट्ट्या, एक मूठ, मोठा आवाज, थोडा मार. त्यांचा शब्द बताक्यो. इंग्रजीत त्याला स्लॅपस्टिक म्हणाले आणि पुढं त्या अख्ख्या विनोदालाच त्या काठीचं नाव पडलं. मंगळवार पेठेतल्या सुताराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गरज तीच होती, म्हणून वस्तू तीच निघाली.

तिसऱ्या रात्री माझ्या अंगात आलं. टाळ्या पडत होत्या, हशा मिळत होता, मी फळी खरोखरच जोरानं हाणली आणि तीसुद्धा कडेनं. काकांच्या कानामागं लागली. ते सोंगातून तसूभरही बाहेर आले नाहीत. ठरल्याप्रमाणे तीन गिरक्या घेतल्या, ठरल्याप्रमाणे पडले. पडदा पडल्यावर मी बघितलं, मानेवर रक्ताची रेघ होती. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. काकांनी फळी हातात घेतली, माझ्या पाठीवर अशी टेकवली की आवाजानं मी दचकले आणि अंगाला वाराही लागला नाही. म्हणाले, "हाणायचं न्हाई. वाजवायचं."

आणि ते पडणं. मी आजवर पुष्कळ सिनेमे बघितले, पण काकांसारखं पडणारा माणूस क्वचितच दिसला. ते तालमीत शिकलेले. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत पोरगं आलं की डाव नंतर, आधी पडायचं कसं ते अंगात मुरवतात. हनुवटी छातीला, डोकं टेकवायचं नाही, हातांचे तळवे जमिनीवर आपटून धक्का वाटून टाकायचा. काकांनी कुस्तीचं ते पडणं उचललं आणि त्यात फक्त उशीर घातला. म्हणजे पाय घसरायचा, आणि पडायच्या आधी राक्षस क्षणभर हवेत विचार करायचा. चेहऱ्यावर प्रश्न यायचा, हे माझ्याच बाबतीत का? मग धडाम. स्टेज पिपांवर फळ्या टाकून केलेलं, आतून पोकळ. त्यामुळं ढोलासारखं वाजायचं. ध्वनिपरिणाम फुकटात.

चौथ्या रात्रीचा एक खेळ मला कधी विसरता येणार नाही. पहिल्याच रांगेत बापाच्या खांद्यावर एक तीन-साडेतीन वर्षांचं पोर होतं. अंगात स्वेटर, कपाळाला काळा टिळा. पडद्याआडून काळाकभिन्न, लाल जिभेचा राक्षस बाहेर आला, कॅसेटवर सर गडगडले, "हाऽ हाऽ हाऽ, माणसाचा वास येतोय," आणि त्या पोरानं जो टाहो फोडला, तो मला पडद्यामागं ऐकू आला. बाप वळून निघायच्या बेतात. काकांनी तिकडं बघितलं. आणि पहिल्याच पावलाला, गोष्टीत काहीही नसताना, स्वतःच्याच पायात पाय अडकवून तोंडावर आपटले. वर सर गडगडतच आहेत, "मी डोंगर फोडीन! मी समुद्र पिईन!" आणि राक्षस पालथा पडून एक हात वर करतोय, जणू म्हणतोय, थांबा हो, आलो. गर्दी फुटली. ते पोर रडता रडता मध्येच थांबलं, बापाचे केस घट्ट धरून बघत राहिलं, आणि मग नाकातून शेंबूड वाहत असतानाच हसायला लागलं. पुढची बारा मिनिटं राक्षसानं काहीही केलं तरी ते भ्यालं नाही. त्याला ठाऊक झालं होतं, हा पडतो.

"काका, ते का केलंत?" मी विचारलं.

"पोरगं लई भ्यालं हुतं," एवढंच बोलून ते चहा प्यायला गेले. पुढच्या प्रत्येक खेळात राक्षस आल्या आल्या पडायला लागला.

म्हणून म्हणते, त्या दुपारी झोपडी सहाव्यांदा वळली तेव्हा माझ्या डोक्यातला तो कॉलेजातला शब्द ढिला पडला. चेटकीण बघा. गेओर्गी मिल्यार नावाचा नट आहे तो, त्या वेळी साठीचा. १९३९ च्या सुमारास रोऊच्याच सिनेमात त्यानं ही चेटकीण पहिल्यांदा केली आणि मग आयुष्यभर करत राहिला. बाप्यानं बाईचं सोंग घ्यायचं आणि भीतीतून हसू काढायचं, हे तर आपल्या अंगणातलंच. तमाशाच्या गवळणीतली मावशी घ्या. नाहीतर रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण घ्या, ती आधी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ मध्ये नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. खऱ्या बाईनं केलेली चेटकीण पोरांना कदाचित झोपू देणार नाही. मिल्यारची चेटकीण कंबर धरून कण्हते, स्वतःच्याच झोपडीवर खेकसते. पोरांना ती भयंकर वाटते आणि शेजारची भांडखोर म्हातारीही वाटते, दोन्ही एकाच वेळी.

हा सिनेमा अमेरिकेत पोचला तेव्हा तिकडच्या एका टीव्ही कार्यक्रमानं त्याची यथेच्छ टिंगल केली. आणि चेक लोकांच्या घरात तोच सिनेमा नवीन वर्षाच्या सुट्टीत टीव्हीवर लागतो, पिढ्यानपिढ्या. संवाद पाठ असतात. टिंगल करणाऱ्यांचं मला कळतं. मीही त्यांतलीच होते. ते पुढच्या रांगेत बसून बघत होते, आणि खेळ चालला होता पानपट्टीपाशी उभ्या असलेल्यासाठी.

मात्र सगळीच आदळआपट मी पदरात घेणार नाही. गेल्या दिवाळीत भाचीला घेऊन एका बालचित्रपटाला गेले होते. राजा, प्रधान, परी, सगळा सरंजाम. राजा पडत होता, प्रधान पडत होता, परीसुद्धा पडत होती आणि प्रत्येक पडण्याला मागून टुंईऽऽ असा आवाज जोडलेला. पण राजा पडायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं की आता मी पडणार, आणि पडल्यावर तो पोरांच्या डोक्यावरून मागच्या आईबापांकडं बघायचा, बघा काय पोरकटपणा करावा लागतोय. मधूनच पेट्रोलच्या भावावर एक विनोद, मधूनच बायकोच्या खरेदीवर. मोठी माणसं हसली. पोरं खुर्च्यांच्या मधल्या वाटेत पळापळी करत होती. काका राक्षस होते तेव्हा बारा मिनिटं राक्षसच होते. या राजाला आपण राजा आहोत हे एकदाही पटलं नव्हतं. अशा वेळी हातवारे मोठे असोत नाहीतर बारीक, काय फरक पडतो?

आणि एक सल आहे, तोही सांगून टाकते. त्या देखाव्याचा एक फोटो घरात आहे. भाचीनं तो बघितला. तेल आणि काजळ फासलेले काका, दात विचकलेले. तिनं विचारलं, "राक्षस काळा का?" भाची आमच्याकडच्या सगळ्यांसारखीच सावळी आहे, आणि शाळेत तिला यावरून कुणीतरी काहीतरी बोललेलं आहे, हे मला वहिनीकडून ठाऊक होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. परीकथांच्या विनोदात हे फार आहे. जाडी ती खादाड, तिरळा तो मूर्ख, बोबडा तो चाकर, बुटका तो मार खाणारा. भरतानंसुद्धा विदूषक ठेंगणा, दंतुर, कुबडा, टक्कल पडलेला असा सांगून ठेवला आहे. चुरिकोवाची ती खादाड बहीण बघतानाही मला मध्येच हे टोचलं. काकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मग निळा रंग लावूया की. त्यांना रंगाशी देणंघेणं नव्हतं. पण त्या वेळी आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, हेही खरंच.

'गोपालकृष्ण' हा प्रभात फिल्म कंपनीचा पहिला मूकपट १९२९ साली याच गावात तयार झाला. पुढच्याच वर्षी 'राणीसाहेबा' ऊर्फ 'बजरबट्टू' निघाला, आणि देशातल्या पहिल्या बालचित्रपटांत त्याचं नाव घेतात. बजरबट्टू म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून पोरांच्या गळ्यात बांधतात तो काळा मणी. तेव्हा पडद्यावरच्या माणसाला आवाज नव्हता. रागवायचं तर सगळ्या अंगानं रागवायचं, घाबरायचं तर गुडघ्यापासून. म्हणजे आमच्या देखाव्यासारखंच, फक्त कॅसेट नाही. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "माझ्यासारखी." मी म्हटलं, "हो, पण ती सुट्टीत परत येत नाही."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही खासबागेकडं भेळ खायला गेलो. शाहू महाराजांनी कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना पाठ लावून बांधलं. नाट्यगृह १९१५ चं, तेव्हाचं पॅलेस थिएटर, नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आम्ही गच्चीवर उभे राहून तिकडचं लाल झालेलं आभाळ बघत होतो आणि आई नुसती "आगं आई, आगं आई" म्हणत होती. पहिलं बालनाट्य मी तिथंच बघितलं होतं, काकांच्या मांडीवर. विंगेतून राक्षस आला तेव्हा मी डोळे मिटले, आणि काका कानात म्हणाले, "उघड डोळे. त्याचा पाय घसरणार हाय." घसरला. भाचीनं या नाट्यगृहात अजून एकही नाटक बघितलेलं नाही.

येताना काकांकडं गेलो. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे गेलेत, दारात खुर्ची टाकून बसतात. भाचीनं त्यांना झोपडीची गोष्ट सांगितली, म्हणजे करूनच दाखवली. कोंबडीचे पाय, करकर आवाज, चेटकिणीची कंबर. शेवटी गरगर फिरून ती पायरीजवळ धप्पकन बसली. काका गंभीरपणे बघत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "पर लई लवकर पडलीस. आधी जरा थांब. आपण पडतोय, हे तुला कळू दे. मग पड."

"पण मी पडतेय हे मला माहितीये की."

"तुला म्हाईत हाय. झोपडीला कुठं म्हाईत हाय?"

तिनं दोन-तीनदा करून बघितलं. चौथ्या वेळेला तिच्या चेहऱ्यावर तो प्रश्न आला. काकांनी खुर्चीच्या हातावर दोन बोटं आपटून फट्ट असा आवाज काढला, नेमका ती जमिनीला टेकली त्याच क्षणी.

रात्री आई गॅसपाशी भाकरी थापत होती. भाची स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, एक हात कमरेवर, एक हात वर.

"आज्जी गं आज्जी, पाठ गॅसकडं कर, तोंड माझ्याकडं कर!"

आई वळली. हात पिठाचे, चेहरा कोरा. पाय न उचलता, कुरकुरत, एका जागेवर, अख्खीच्या अख्खी. तिनं तो सिनेमा बघितलेला नाही.

"आज्जी गं आज्जी, तोंड गॅसकडं कर, पाठ माझ्याकडं कर!"

आई परत वळली. या वेळी तोंडानं करऽऽ असा आवाजही काढला. पाचव्या फेरीला भाची फरशीवर लोळत होती आणि घरभर जळका वास सुटला होता.

"आता गॅसकडं वळ म्हण गं बाई," आई पाठमोरी न होताच म्हणाली, "भाकरी करपली."